उडीआधीची पावलं

हैदराबादेतल्या काचीगुड्याहून आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. भाचीची घोड्यावरून अडथळे ओलांडायची पहिलीच स्पर्धा होती, अझीजनगरच्या बाजूला. 2023 साली हांगचौला भारताच्या ड्रेसाज संघानं आशियाई स्पर्धांमधलं घोडेस्वारीचं सुवर्ण 41 वर्षांनी जिंकलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून भाचीनं घोडेस्वारीचा हट्ट धरलेला.

"नऊची स्पर्धा, मग एवढ्या लवकर कशाला गं?"

"मावशी, आधी चालायचं असतं."

तिथं गेल्यावर कळलं. घोडे पागेतच होते आणि पोरं मैदानात दोन अडथळ्यांमधली पावलं मोजत होती. कँटरमध्ये घोड्याची एक झेप साधारण 12 फुटांची, म्हणजे माणसाची चार लांब पावलं. उडीनंतर टेकायला दोन पावलं, पुढच्या उडीसाठी दोन; उरलेल्यांना चारनं भागायचं. लाल झेंडी उजव्या हाताला, पांढरी डाव्या. हा सगळा हिशेब डोक्यात ठेवून मग घोड्यावर बसायचं! मला त्या पोरांचं फार कौतुक वाटलं.

पागेत सईस घोडीला खरारा करत होता. ती मलकपेठच्या शर्यतींतून निवृत्त झालेली. मी उत्साहानं काही बोलायला गेले, तर तो हळूच म्हणाला, "अम्मा, आवाज नक्को करो." दखनीतला हा आपलाच 'नको'. घोडीचे कान मागे गेलेले मला दिसलेच नव्हते. त्याला दिसले होते.

भाची मैदानात आली. चार उड्या छान गेल्या. पाचव्या अडथळ्यापाशी घोडी थबकली. चार दंडगुण; दांडी पडली तरी तेवढेच. माझा जीव गोळा झाला. पोरीनं चाबूक उचलला नाही. घोडीच्या मानेवर थोपटलं, मोठा वळसा घेतला आणि त्याच अडथळ्यावरून तिला नेलं. बाहेर येताच उतरून आधी घोडीचा तंग सैल केला, मग आमच्याकडे पाहिलं. बक्षीस मिळालं नाही. सईसाच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं, आणि माझ्या लेखी तेच प्रशस्तिपत्र.

तुम्ही कधी गेलात तर पावलं मोजायच्या वेळेला पोचा. मैदानाच्या कडेला छत्री उघडू नका, फ्लॅश मारू नका. आणि टाळ्या शेवटची उडी झाल्यावरच वाजवा.