सभामंडपातील प्रश्न

गेल्या जत्रेच्या रात्री देवळाच्या सभामंडपात आमचा धाकटा भाऊ शेजारी येऊन बसला. वाटणीच्या तंट्यानंतर तो असा जवळ बसून कित्येक वर्षे लोटली होती. चौघडा दणाणत होता. आमच्या कानाशी वाकून तो काही पुटपुटला. अक्षरही कळले नाही. परंतु बहिऱ्याच्या सवयीने आम्ही हसून मान डोलविली. तो मुकाट्याने उठून गेला.

आठवड्याने भावजयीकडून कळले, त्याने विचारले होते, ‘दादा, तुका अजून म्हजो राग आसा?’

श्रवणयंत्र तर कानाला होते! आमचा भाचा याच विद्येतला. त्याच्यापाशी आम्ही गाऱ्हाणे घातले. तो म्हणाला, ‘‘मामा, यंत्राचे दोन मायक्रोफोन जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर, दोघांनाही जवळजवळ तेच ऐकू येते. मंडपात चार ठिकाणी मायक्रोफोन असते, तर गोष्ट वेगळी.’’ ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरवर तो २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हा उशीर भरून काढून चारही आवाज सारख्या प्रमाणात मिळविले, की शब्द चौपट होतो. परस्परांशी संबंध नसलेला गोंगाट मात्र दुप्पटच. चौघडा सर्वत्र एकच, म्हणून त्याला एवढ्याने आवर बसत नाही. पण त्याच्याजवळचा मायक्रोफोन तोच आवाज स्पष्ट टिपतो, आणि त्यावरून तो वजा करता येतो.

सर्वांचे सगळे आवाज एकमेकांस पाठवावेत, तर बॅटरी पुरत नाही. २०१० साली बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या अलेक्झांडर बर्ट्रांड आणि मार्क मूनेन यांनी मार्ग दाखविला: प्रत्येक यंत्राने आपल्या मायक्रोफोनांचे सार तेवढे इतरांस द्यावे. एकाच वक्त्याचा शब्द हवा असेल, तर आदर्श परिस्थितीत प्रत्येकास अखेर सर्वांचे मायक्रोफोन आपल्याचपाशी असल्यासारखे फळ मिळते. अडचण एक: प्रत्येक यंत्राचे घड्याळ निराळे, ती जुळविल्यावाचून आवाज जुळत नाहीत.

घड्याळांची गोष्ट आमच्या मनाला लागली. आम्ही दोघे भाऊही इतकी वर्षे आपापलेच घड्याळ धरून बसलो होतो.

नव्या यंत्राची वाट न पाहता दुसऱ्याच सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. ओसरीवर शांतता होती. आम्ही म्हणालो, ‘‘त्या रात्रीचे पुन्हा एकदा विचार.’’

त्याने विचारले. आम्हांस स्वच्छ ऐकू आले.

‘‘ना रे,’’ आम्ही म्हणालो.