नगराचा जमाखर्च

पालिकेच्या बैठकीचा वृत्तांत वर्तमानपत्रात बहुधा आतल्या पानावर, जाहिरातींच्या गर्दीत दडलेला असतो. दिल्लीच्या अंदाजपत्रकावर आपण तासन्‌तास वाद घालतो. परंतु दारातला कचरा कोणत्या वारी उचलला जाईल, बाजारात गाडी उभी करण्यास किती दाम पडेल, हे ज्या अंदाजपत्रकात ठरते त्याकडे सुशिक्षित माणूसही ढुंकून पाहत नाही. मला या उदासीनतेचे नेहमीच नवल वाटत आले आहे.

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अमलात आली आणि राज्यांनी नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या 18 विषयांची यादी बाराव्या परिशिष्टात आली. सहावा विषय सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा यांचा. सतराव्यात रस्त्यावरचे दिवे, बसथांबे आणि वाहनतळ. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथात वाहनतळास स्थान मिळावे, हे ऐकून वर्गात दरवर्षी हशा पिकतो. मी तो पिकू देते. हसता हसता विषय ध्यानात राहतो.

आमच्या गोव्यात बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून जे शुल्क वसूल होते त्यास 'सोपो' म्हणतात. पहाटे बंदरावरून मासळी घेऊन येणारी बाई आपल्या पाटीपुरत्या जागेचा सोपो मुकाट्याने मोजते. तो न देता बसण्याची कल्पनाही तिला शिवत नाही. त्याच रस्त्याच्या कडेला मोटार दिवसभर उभी असते. तिच्यावर शुल्क बसविण्याचा नुसता प्रस्ताव निघाला की आमच्यासारखी पगारदार मंडळी 'अन्याय! अन्याय!' म्हणून कंठशोष करू लागतात.

मागच्या वर्षी नववीच्या मुलांनी मोजपट्टी घेऊन शाळेजवळच्या रस्त्यावर हिशेब केला. उभी असलेली एक लहान मोटार सुमारे 4 मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद भरली. म्हणजे 7 चौरस मीटर भूमी तिने अडविली. मासळीवालीची जागा, तिच्या पाटासकट, जेमतेम 1 चौरस मीटर. आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गात कोणी काही बोलले नाही. मग एका मुलाने विचारले, "बाई, मग रस्ता कोणाचा?" त्याचे वडील भाड्याची टॅक्सी चालवितात. त्याचा पुढचा प्रश्न अधिक बिकट होता: पोटासाठी उभी असलेली गाडी आणि हौसेखातर आणलेली गाडी, दोहोंना दर एकच का? याचे उत्तर मजपाशी तयार नव्हते, आणि पालिकेपाशीही ते सहसा तयार नसते. शुल्काला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. वसुलीचा ठेका देऊन पालिका मोकळी झाली, पावती मिळेना, जमा रकमेतून काय झाले ते कळेना, तर लोकांनी का म्हणून विश्वास ठेवावा?

कचऱ्याची गोष्ट याहून कठीण. घरी आम्ही त्याला 'कोयर' म्हणतो. कोयर बाहेर टाकला की घर स्वच्छ झाले, अशी आपली समजूत. हा धडा शिकविताना मीही सहज म्हणून गेले, की पालिका कचरा गावाबाहेर नेते. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि मराठी विसरून कोकणीतच म्हणाली, "भायर म्हळ्यार खंय, बाई?" बाहेर म्हणजे कोठे? तिचे घर सोनसोडोच्या बाजूस. मडगावचा कचरा तेथे वर्षानुवर्षे साचत गेला आणि 2019 च्या मे महिन्यात त्या ढिगास मोठी आग लागली. त्या दिवसांत खिडक्या बंद करून घरात कसे बसावे लागले, हे तिने सांगितले. तिच्या आजोबांना दम्याचा विकार आहे. आपण ज्याला फुकट समजतो त्याचे मोल त्या घराने श्वासातून चुकते केले होते.

उपाय नाही असे नव्हे. साळगावच्या माळावर, जेथे पूर्वी उघडा ढीग होता, तेथेच 2016 साली प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षीच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले, आणि सेवेचे शुल्क घेण्याची तरतूदही केली. परंतु यंत्रे उभी राहिली तरी केळीच्या सालीतून काचेचा तुकडा वेगळा काढावयाचा तो स्वयंपाकघरातच. तेथे झाला नाही, तर तो सफाई कामगाराच्या हाताला रुततो.

हे सर्व करण्यास पैसा कोठून आणावा? रिझर्व्ह बँकेने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील साऱ्या नगरसंस्थांचे उत्पन्न मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1 टक्क्याच्या आसपास होते. घरपट्टी, सोपो, दुकानांची भाडी, परवाने, आणि उरलेल्यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहणे, असा हा संसार. ज्याची मिळकत दुसऱ्याच्या हाती, त्याचा शब्द घरात कितीसा चालणार?

यंदा दहावीत गेलेल्या त्याच मुलांनी पालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत मागविण्याचे ठरविले आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने ती पाहण्याचा हक्क त्यांच्या पालकांना दिलेला आहे; अर्जावर सही टॅक्सीवाल्या वडिलांची असेल. कोणत्या रकमा प्रथम पाहावयाच्या यावरून वर्गात तंटा चालू आहे. मुलगे वाहनतळाचे पान आधी मागतात, आणि सोनसोडोची ती मुलगी कचऱ्याचे.