न खेळलेल्या डावाची किंमत

आमच्याकडे जुन्या पुस्तकांचा भाव रद्दीवाल्याचा तराजू ठरवतो. अमेरिकेत तऱ्हाच निराळी! गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली निघाला. एका खोक्यात नियमांच्या तीन चोपड्या, किंमत १० डॉलर. पहिल्या १,००० प्रतींपैकी एखादी आज हजारो डॉलरना जाते. मात्र जितकी कोरी, तितका भाव चढा. पेन्सिलीची खूण, सरबताचा डाग दिसला की घसरलाच! म्हणजे रात्र रात्र जागून राक्षस मारणारा तोट्यात आणि खोकं न उघडणारा श्रीमंत.

मी माळ्यावरचा आमचा ‘व्यापार’ काढला. नोटा फाटक्या, सोंगट्यांवर धाकट्याच्या दातांच्या खुणा. बाजारभाव शून्य.

रद्दीवाल्याला म्हटलं, “हा सोडून बाकीचं तोला.”