दहा बाय अकराच्या खोलीतला ठेका

डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली मी रेकॉर्डिंगसाठी वापरतो. येणारं काम ठरलेलं: भजनी मंडळांचे अभंग, नवख्या गायकांची भावगीतं, गणपतीच्या आधी आरत्या आणि कोळीगीतं, मधूनच एखादी लावणी. तालाची बाजू बरीच वर्षं जुन्या ऑक्टोपॅडवर आणि कॉम्प्युटरमधल्या सॅम्पलवर निभावली. कोळीगीतांना त्यात काही कमी पडायचं नाही, आजही पडत नाही. पण अभंग आणि लावणी ऐकताना कानाला खटकायचं. एका कामाचे पैसे एकरकमी हाती आले, तेव्हा ते सगळे तालावरच घालायचे ठरवलं.

खरा ड्रमसेट फ्लॅटमध्ये शक्यच नव्हता. म्हणून जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट घेतला. हेडफोन लावून वाजवलं तर खोलीत नुसती टकटक ऐकू येते, त्यामुळे आता शेजारपाजारची चिंता मिटली असं कुणालाही वाटेल. तिसऱ्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "अहो, आवाज काही नाही, पण आमच्या डोक्यावर कुणीतरी कांडतंय." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. किक ड्रमचं पॅडल हवेत आवाज करत नाही, पण त्याचा प्रत्येक दणका स्लॅबमधून थेट खाली जातो. त्यावरचा उपाय ड्रमवाल्यांत सर्वांना ठाऊक आहे: प्लायवूडचे दोन जाड तक्ते आणि त्यांच्यामध्ये भोकांत बसवलेले टेनिसचे चेंडू. सोसायटीच्या पोरांकडे जुने चेंडू ढिगानं होते, पण क्रिकेट खेळून खेळून त्यांच्यातला दम गेलेला असतो, नवेच आणावे लागतात. सुताराला हा प्रकार समजावून सांगताना माझाच घाम निघाला. चौथरा बसल्यावर पॅडल मारत राहिलो आणि काकांच्या हॉलमध्ये मुलाला उभं केलं. तो म्हणाला, "पंखा बंद केला तर कळतंय." तेवढं काकांनी मान्य केलं.

तबल्याची गोष्ट वेगळी. ड्रमसेटचे टॉम गाण्याच्या सुरात नसले तरी चालतं, तबल्याचं तसं चालत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुढे १९३४ साली या वाद्यांवर लिहिलं. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट असे सरळ हिशोबात बसत नाहीत. शाईच्या थरांनी ते हिशोबात येतात, म्हणून तबला सुरात बोलतो. आणि म्हणूनच तो गाण्याच्या सुरात लावावा लागतो. माझ्याकडचं सॅम्पल काळी एकच्या तबल्याचं. गायिका काळी चारमध्ये गाणारी. कॉम्प्युटरवर सूर खाली ओढला की सूर जुळायचा, पण तबल्याला सर्दी झाल्यासारखं वाटायचं, कारण सुराबरोबर लाकडाचा आणि किनारीचा आवाजही खाली घसरतो. खरा खालच्या सुराचा तबला तसा वाजत नाही. त्याचं तोंड मोठं असतं, शाई वेगळी भरलेली असते, पण चाटेवरचा 'ना' तितकाच लखलखीत येतो.

मग दोन तबले घेतले. एक टिपेचा, तोंड सव्वापाच इंचांचं. दुसरा ढाला, सहा इंचांच्या वरचा. डग्गा एकच, पण जड. तबलेवाल्यानं ढाल्याची पुडी चढवायला चांगलाच वेळ घेतला आणि वर बजावलं, "एसीच्या झोतात ठेवू नका, आणि पावसात रोज उघडून बघू नका." पावसाळ्यात पुडी ओल धरते, सूर उतरतो, गट्ठे ठोकून वर आणला की दोन टेकमध्ये पुन्हा उतरतो. आता जून ते सप्टेंबर त्या खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र चालू असतं आणि टेकच्या आधी बंद होतं. सगळ्या खरेदीत सर्वांत कंटाळवाणी वस्तू हीच, आणि मला विचाराल तर सर्वांत कामाची.

डग्ग्यावर सॅम्पलचं फारसं काही चालत नाही. पॅडवर काठी किंवा बोट पडलं की मिडीतून एक आकडा जातो, १ ते १२७, म्हणजे किती जोरात मारलं एवढंच. डग्ग्याचं सगळं काम मारल्यानंतर सुरू होतं. तळहाताची टाच कातड्यावर दाबत पुढे सरकते आणि 'गे' खालून वर चढत जातो. हा घिस्सा सॅम्पलमध्येही मिळतो, पण त्याची लांबी ज्यानं रेकॉर्ड केला त्याच्या हाताची. ठुमरीच्या अंगानं जाणाऱ्या भावगीतात मुखड्याच्या आधी तो नेमका किती ओढायचा, हे वाजवणारा गायिकेच्या तोंडाकडे बघून ठरवतो. माझ्याकडे वाजवायला येणारा मुलगा खिडकीकडे तोंड करून बसायचा. त्याला मी गायिकेसमोर बसवलं आणि दोघं एकत्रच रेकॉर्ड केली. गळ्याच्या माईकमध्ये तबला झिरपतो, मान्य आहे, पण ठेका गाण्याला धरून राहतो.

ढोलकीनं मात्र डोकं खाल्लं. शाईच्या बाजूला शुअरचा एसएम ५७, म्हणजे १९६५ पासून चालत आलेला माईक. धुमेच्या बाजूला मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, एक वीत लांब. एकेक ऐकला की छान, दोन्ही एकत्र केले की घुमकच गायब. कारण ढोलकीच्या पोटात हवा कोंडलेली असते. शाईवर थाप पडली की ते कातडं आत जातं आणि पलीकडची धुमा बाहेर फुगते. एका माईकसाठी कातडं लांब गेलं, दुसऱ्यासाठी जवळ आलं, त्यामुळे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. धुमेच्या माईकची फेज उलटी केली की पोटातला आवाज परत येतो. त्यासाठी मिक्सरवर एक बटण असतं आणि त्याला एक पैसाही पडत नाही. लावणीतल्या ढोलकीची टीप मात्र एवढी टोकदार असते की मीटर मध्यावर दिसत असतानाच लाल दिवा लागतो. म्हणून मी पातळी बरीच खाली ठेवून घेतो. वाजवणाऱ्याला "जरा हळू" म्हटलं की त्याचा हातच मरतो.

भजनाच्या पखवाजाला वेगळीच तयारी लागते. पहिल्यांदा बुवा आले, पखवाज गवसणीतून काढला आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "वहिनी, मूठभर कणीक मिळेल का?" हिनं परात पुढे केली. त्यांनी कणीक सैलसर मळली, धुमेवर मधोमध थापली, बोटानं कडा दाबल्या, थाप मारली, थोडी काढली, पुन्हा थाप मारली. मी माईक लावून हा सगळा कार्यक्रम ऐकत होतो. चिमूटभर कणीक कमी झाली की 'धा' मोकळा होताना कानात स्पष्ट कळायचं. कुठल्याही इक्वलायझरनं असा बदल मला कधी जमलेला नाही. कणीक वाळत जाते तसा सूर वर चढतो, म्हणून पखवाजाचा भाग आधी उरकायचा आणि पंखा बंद ठेवायचा. बुवांच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला, पण तक्रार नाही. टाळ नंतर, वेगळे घेतो. सहा जोड्या टाळ त्या खोलीत एकदम वाजले की प्रत्येक माईकमध्ये टाळच ऐकू येतात. त्यांना माईक तिरका आणि दीड हात लांब लागतो.

खोलीवरही थोडा खर्च झाला. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो, आणि डग्ग्याचा खालचा भाग तिथूनच फार लांब नसतो. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड ठोकळे उभे केले. भिंतींवर आईच्या गोधड्या टांगलेल्या होत्या, त्या वरच्या आवाजाला बऱ्या. पण खालच्या आवाजाला गोधडी अडवत नाही.

संबळ तेवढा राहिला. एका जागरणाच्या गाण्यासाठी गोंधळी बोलावले होते. त्यांनी कमरेला जोडी बांधली, वाकडी काठी बोल घुमवायला उजवीकडे की डावीकडे धरायची यावर आपसात थोडं बोलले आणि वाजवायला लागले. पहिल्याच आवर्तनात काचा थरथरल्या. हळू वाजवून संबळ वाजतच नाही. त्यामुळे संबळासाठी आता कल्याणचा एक हॉल तासावर घेतो, दोन माईक आणि लॅपटॉप घेऊन जातो. भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात लिहितो. कुणी म्हणतं, "सॅम्पलवर होणार नाही का?" मी दोन्ही ऐकवतो. बहुतेक वेळा हॉल ठरतो. ज्यांना परवडत नाही त्यांचं सॅम्पलवर करून देतो.