किल्ल्यांचा जुडगा

संगणकाच्या ज्या भागाला जाणकार मंडळी ‘कर्नल’ म्हणतात, त्याचा लष्करातल्या कर्नलशी काही संबंध नाही. इंग्रजीत हा शब्द कठीण कवचाच्या आतल्या गरासाठी आहे. आपण गाभा म्हणू. यंत्र आणि त्यावर चालणारे सारे प्रोग्राम यांच्या मध्ये बसलेला हा कारभारी. स्मृतीतली जागा असो की डिस्कवरची फाइल, प्रत्येकाला त्याच्याच हातून घ्यावी लागते. लिनक्सच्या या गाभ्यात 2004च्या डिसेंबरात आलेल्या 2.6.10 या आवृत्तीपासून कूटबद्ध मजकुराच्या किल्ल्या सांभाळण्याची स्वतंत्र सोय आहे. डेव्हिड हॉवेल्स या अभियंत्याने ती घडवली. मूळ शब्द ‘की-रिंग’. मला ‘जुडगा’ जवळचा वाटतो. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला कधी जातो, या एका प्रश्नावर आपल्याकडे किती कथा लिहिल्या गेल्या!

मराठीच्या अध्यापकाला या जुडग्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. गेली काही वर्षे कारंज्याच्या आसपासच्या खेड्यांतून मी वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतो आहे. ओवी संपली की बाई बोलू लागते, आणि ते बोलणे ओवीइतकेच मोलाचे असते. सासर, सवत, वाटणीत गेलेले शेत, न सांगता पाडलेला गर्भ. एका आजींनी सगळे सांगून झाल्यावर माझा हात धरला आणि म्हणाल्या, “मी हाये तवरोक कोनाले आयकवू नोका, सर.” मी हो म्हटले. तो शब्द पाळायचा तर माझ्या जुन्या लॅपटॉपवरचा तो आवाज कुलपात ठेवणे भाग होते. पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवरून ती व्यवस्था करून दिली, आणि करता करता मला समजावूनही सांगितली.

प्रत्येक बाईसाठी एक कूटबद्ध पेटी. तिची खरी किल्ली ही एक लांबलचक यादृच्छिक संख्या असते. ती माणसाच्या लक्षात राहणे शक्य नाही. आपण टंकतो तो परवलीचा शब्द केवळ ती संख्या सोडवून घेण्यापुरता. सुटलेली संख्या गाभ्याच्या स्वाधीन होते, आणि इथे मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट येते. जुडग्यात किल्ल्यांचे प्रकार असतात. ‘यूझर’ प्रकारची किल्ली परवानगी असलेला प्रोग्राम वाचूही शकतो. ‘लॉगऑन’ प्रकारची किल्ली बाहेरून आत टाकता येते, गाभा ती वापरतो, पण कोणत्याही प्रोग्रामला ती परत वाचून दाखवत नाही. पेट्यांची व्यवस्था हाच दुसरा प्रकार वापरते. गाभ्याला जुडग्याची यादी मागितली तर किल्लीचे नाव, क्रमांक, परवानग्या, मुदत किती उरली हे सारे दिसते. किल्ली दिसत नाही. यंत्र बंद केले की जुडगाच विरून जातो. अर्थात पेटी उघडी असताना लॅपटॉप कोणाच्या हाती पडला तर या शहाणपणाचा उपयोग नाही.

मालकीची कल्पनाही मजेची आहे. परवानग्या चौघांच्या: किल्ली ज्याच्या नावावर आहे तो, त्याचा गट, इतर जन, आणि या सर्वांहून वेगळा ‘धारक’, म्हणजे ज्याच्या जुडग्यातून त्या किल्लीपर्यंत वाट जाते तो. एका प्रोग्रामने दुसऱ्याला जन्म दिला की सत्राचा जुडगा त्या अपत्याला वारशाने मिळतो. हे ऐकताना मला महानुभाव आठवले नसते तरच नवल.

सकळ लिपी, सुंदरी लिपी ही नावे आपण एम.ए.ला पाठ केलेली असतात. सकळ लिपीत एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण येतो. तिची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. पोथ्या शाबूत, वाचणारे पंथापुरते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी या लिपीचा उलगडा केला आणि वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयाला जागा दिली, तेव्हा मराठी गद्याचा इतिहास नव्याने मांडावा लागला. एवढा काळ ‘लीळाचरित्र’ सर्वसामान्य मराठी वाचकाला जणू नव्हतेच.

आमच्या गावाचे कुलूप निराळ्या जातीचे. बाहेरच्यांना कारंजा ठाऊक असते ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून. पण इथल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही जैन मंदिरांत हस्तलिखितांचे भांडार होते. लिपी उघड, कपाट बंद. रायबहादूर हिरालाल यांच्या 1926च्या सूचीने त्यांतल्या पोथ्या जगासमोर आणल्या. मग 1931 साली प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ आणि 1933 साली हीरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ संपादून छापले. मराठीच्या पूर्वरूपांचा शोध घेणाऱ्याला अपभ्रंशाची ही दारे कारंज्यातूनच उघडली. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांनी ती दिली म्हणून हे झाले.

त्यामुळे विद्यार्थ्याने शेवटचा पर्याय सुचवला तेव्हा मी थबकलो. 2011 सालच्या आवृत्तीपासून गाभ्यात ‘ट्रस्टेड’ किल्ल्या आल्या. टीपीएम नावाची चिप अशी किल्ली मोहोरबंद करते, आणि ती मोहोर त्याच चिपवर सुटते. “सर, सगळ्यात सुरक्षित,” तो म्हणाला. मी विचारले, हा लॅपटॉप जळाला तर? दुसरी प्रत ठेवली नसेल तर पेटी कायमची बंद, असे उत्तर आले. चोराला दूर ठेवणे मला हवे आहेच. पण आजींची अट ‘मी आहे तोवर’ एवढीच होती. कायमचे मौन त्यांनी मागितले नव्हते.

चिपचा पर्याय मी सोडला. एका पेटीला एकाहून अधिक परवलीचे शब्द लावता येतात, तेव्हा दुसरा शब्द कागदावर लिहून लखोट्यात घातला आणि तो कुणाकडे ठेवू, हे विचारायला आजींकडे गेलो. महाविद्यालयाचे ग्रंथालय, माझा एखादा तरुण सहकारी, असे पर्याय मी मांडत होतो. त्यांनी ते पुरते ऐकूनही घेतले नाहीत. “नातीले द्या,” म्हणाल्या, “पोराले नोका देऊ.”

आता इतर पेट्यांच्या बायांना एकेकीला हाच प्रश्न विचारायचा आहे. दोघी या पावसाळ्यात गेल्या. त्यांचे लखोटे माझ्याच कपाटात आहेत.