ढगाळ रात्रीनंतरची सकाळ

स्मरणिकेसाठी सहलीची एखादी आठवण लिहावी असे सुचविण्यात आले, तेव्हा आम्हांस 2024 च्या मार्चअखेरचे गुलमर्ग आठवले. नववीची बारा मुले बरोबर होती. पालकांनी मजुरीतून पैसे बाजूला काढून त्यांना पाठविले होते.

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता तेथील बर्फ इतका कठीण होता की बुटाची टाच रुतत नव्हती. अकराच्या सुमारास वरचा थर मऊ झाला आणि नवशिक्यांच्या स्की त्यावर सहज वळू लागल्या. दुपारी दोनला त्याच जागी पाय घोट्यापर्यंत रुतू लागला. आमच्या काश्मिरी प्रशिक्षकाने कारण समजावून दिले. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो, दिवसा वितळलेले पाणी पुन्हा गोठते आणि बर्फाचे कण एकमेकांना घट्ट धरतात. ऊन चढले की ती पकड सुटते. म्हणून वसंतात मोठ्या उतारावरचे काम सकाळीच आटोपावे लागते.

दुसऱ्या दिवशी गोंडोलाने कोंगडोरीला जाऊन तेथील एक उतार मुलांसह ओलांडण्याचा बेत होता. रात्र ढगाळ गेली. पहाटे थंडी कमी, म्हणून आम्ही खूश होतो. उताराशी पोहोचताच प्रशिक्षकाने काठी बर्फात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. "मास्टरजी, रात को आसमान खुला नहीं था," एवढेच म्हणून तो मागे वळला. आम्ही हुज्जत घातली. इतक्या दुरून आलो, ही मुले पुन्हा केव्हा येणार, हे सारे बोलून झाले. तो बधला नाही. त्या दिवसाची मजुरीही त्याने अर्धीच घेतली.

दिवसभर तो उतार जागचा हलला नाही. संध्याकाळी एका मुलीने विचारले, "सर, काहीच झालं नाही. मग आपण उगाच थांबलो का?"

इतिहास शिकविताना आम्ही सांगत आलो आहोत की निर्णयाचा न्याय शेवटावरून करू नये. त्या घडीला कोणता पुरावा हाती होता, ते पाहावे. त्या सकाळचा पुरावा म्हणजे मुठीपर्यंत गेलेली काठी. आमच्यापाशी पुरावा नव्हता, केवळ इच्छा होती. तसे आम्ही तिला सांगितले, आणि हुज्जत घालण्यात आपली चूक झाली हेही सर्व मुलांसमोर कबूल केले.

आता तर ऋतूचाही भरवसा उरलेला नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ उघडे पडले होते. 2025 मध्ये बर्फाअभावी तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. दिनदर्शिका पाहून डोंगरावर निघण्याचे दिवस सरले. रोजच्या रोज काठी खुपसून पाहणेच हाती राहिले आहे.

ती विद्यार्थिनी हे वाचत असेल, तर तिने कळवावे. तिच्या प्रश्नाने आमचा जुनाच धडा आम्हांस नव्याने शिकविला.