सांध्यातली उष्णता

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर संगणकाच्या प्रोसेसरसाठी कूलर घ्यायला आलेला माणूस दुकानदाराला हमखास विचारतो, ‘हा लावला तर किती डिग्री उतरेल?’ प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर काढणं हेच माझं काम. पण नुसत्या तापमानाला आमच्या धंद्यात किंमत नाही. प्रोसेसर ७० अंशांवर होता असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, खोली किती अंशांवर होती आणि प्रोसेसर किती वॉट खात होता?

आम्ही मोजतो तो फरक. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाचं तापमान घ्यायचं, त्यातून पंख्यात शिरणाऱ्या हवेचं तापमान वजा करायचं आणि उरलेल्याला वॉटने भागायचं. हा झाला औष्णिक रोध. २०० वॉटवर झाकण ६५ अंश आणि हवा २५ अंश असेल, तर रोध दर वॉटला ०.२ अंश. हाच कूलर मे महिन्यात अकोल्यात, एसी नसलेल्या ४० अंशांच्या खोलीत चालवला तर झाकण ८० वर जाणार. खरं तर ८० च्याही थोडं वर, कारण तापलेल्या सिलिकॉनमधून प्रवाहाची गळती वाढते आणि तेवढ्याच कामाला प्रोसेसर जास्त वीज ओढतो. थंड खोलीत काढलेले आकडे विदर्भातल्या गिऱ्हाइकाला जसेच्या तसे दाखवणं मला पटत नाही.

१९९३ मधला पहिला पेंटियम १५ वॉटच्या आसपास उष्णता टाकायचा. २०२३ मधल्या इंटेल कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. एवढी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते, म्हणून आजचे कूलर एवढे अवजड झाले. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ कूलर पंख्यांसकट १,३२० ग्रॅम भरतो.

चाचणी दोन प्रकारे घेता येते. पहिली खऱ्या प्रोसेसरवर. त्याला प्राइम९५ सारख्या प्रोग्रॅमने जुंपायचं आणि सेन्सर वाचायचा. हा प्रोग्रॅम मूळचा प्रचंड मोठ्या मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला. प्रोसेसरला तो क्षणाची उसंत देत नाही. अडचण अशी की प्रोसेसर स्थिर राहत नाही. फार तापला की आपला वेग आपणच कमी करतो, वॉट बदलतात आणि कच्चा कूलर कागदावर बरा दिसतो. शिवाय आतला सेन्सर कमाल मर्यादेजवळ अचूक असतो, खालच्या तापमानाला तेवढा नाही.

म्हणून दुसरा प्रकार, तापवलेला तांब्याचा ठोकळा. ठोकळ्यात हीटर, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, आणि वरच्या पृष्ठभागातल्या बारीक खाचेत तापमान मोजणारं थर्मोकपल. खालून आणि बाजूंनी निसटणारी उष्णता रोखायला ठोकळ्याला चांगलं वेष्टन लागतं, तरीही निसटेल ती हिशेबात धरावी लागते. मोठ्या कूलरला स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं द्यायलाच हवीत. मात्र ठोकळा सगळीकडून सारखा तापतो, खरा प्रोसेसर नाही. २०१९ च्या रायझन ३००० मालिकेपासून एएमडीच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत तापणारे तुकडे झाकणाच्या मध्यावर नाहीत, एका कडेला सरकलेले आहेत. त्यामुळे दोन्ही चाचण्या केल्याशिवाय मी निकाल देत नाही.

आता मुख्य मुद्दा. तांब्याची उष्णतावाहकता (वॉट प्रति मीटर-केल्व्हिनमध्ये) ४०० च्या घरात, झाकण आणि कूलर यांच्यामधली फट भरणाऱ्या बऱ्या थर्मल पेस्टची ५ च्या आसपास, आणि हवेची फक्त ०.०२६. उष्णतेचा मोठा भाग झाकणाच्या मधल्या चार चौरस सेंटिमीटरमधून जातो असं धरू. पेस्टचा थर ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून थोडा पातळ असेल, तर २०० वॉटला एकट्या त्या थरात पाच अंश जातात. थर १०० मायक्रॉनचा झाला तर दहा. दोन नामवंत कूलरांमधला फरक पुष्कळदा दोन-तीन अंशांचाच असतो. म्हणजे ज्याच्यावर ‘विजेता’ ठरतो, तेवढा फरक एकच कूलर काढून पुन्हा बसवताना पडू शकतो.

कूलर उचलल्यावर मी आधी पेस्टचा ठसा बघतो. चांगल्या ठशात मधोमध थर इतका पातळ असतो की खालची कोरीव अक्षरं वाचता येतात, आणि कडेला दाबून आलेल्या पेस्टची सारखी किनार असते. एका बाजूला पेस्ट करडी आणि जाड दिसली, तर त्या बाजूचा स्क्रू मागे राहिला होता. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं की हे होणारच. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळायचे. कधी दोष कूलरचा नसतोच. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये पकडीच्या दाबाने प्रोसेसरचं झाकण किंचित वाकतं, मधे खळगा पडतो आणि तिथे पेस्ट जाड राहते. त्यासाठी बाजारात वेगळ्या चौकटी आल्या, आणि त्या खरंच उपयोगी पडतात.

म्हणूनच एकदाच बसवून घेतलेल्या मोजमापाला मी चाचणी मानत नाही. दर वेळी पेस्ट पुसायची, नव्याने लावायची, पुन्हा मोजायचं, आणि सरासरीसोबत आकडे किती मागेपुढे झाले तेही छापायचं. वाचकाचा तेवढा हक्क आहे.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तेव्हा दोन्ही कूलर सारख्या आवाजावर आणून मगच तुलना करावी. पूर्ण वेगावरची तुलना म्हणजे पंख्याच्या मोटारीची शर्यत.

एक गोष्ट मात्र फारसं कुणी तपासत नाही, ती म्हणजे धूळ. दाट पात्यांचा हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा भाग, टेबलावर छान आकडे देतो, पण रस्त्याकडेच्या घरात काही महिन्यांतच त्या फटींत धुळीचा पापुद्रा धरतो आणि हवा अडते. विरळ पात्यांचा हीटसिंक नवा असताना दोन अंश मागे असला, तरी आपल्याकडच्या घरासाठी मी तोच सुचवतो. दिवाळीची साफसफाई कराल तेव्हा संगणक बंद करून, वायर काढून, त्या पात्यांवरूनही एक मऊ ब्रश फिरवा. पंखा बोटाने धरून ठेवा, म्हणजे तो गरगरणार नाही.